अग्नीघरची लेक

डोंगरात बर्फ पडायचं आणि मुक्या जिवांना वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. तिथे सॅलमँडर राहायचे. दिसायला पालीसारखे, पण बेडकांचे भाऊबंद. अंग सदा ओलं. थंडीत ते कुजक्या ओंडक्यांत शिरून निजायचे. लोक तेच ओंडके चुलीत सारायचे, आणि जाळातून सॅलमँडर धडपडत बाहेर आला की हात जोडायचे. म्हणायचे, अग्नी हेच त्याचं घर.

त्या दिवशी ठकूबाईची लेक सगुणा सासरहून अवचित आली होती. एक हात पदराखाली धरून ती चुलीपुढे बसली होती, तोच जाळातून एक सॅलमँडरीण बाहेर पडली. पाठ भाजलेली, शेपूट करपलेलं.

"माय, मला ओढ्यात सोड," ती ठकूबाईला म्हणाली.

ठकूबाईला गहिवरून आलं. तिने तिला हळदकुंकू वाहिलं, पुढ्यात चार तांदूळ ठेवले.

"ओढ्यात कशाला? रागाच्या भरात घर सोडू नये, बाई."

"ते माझं घर नाही गं. मी जळते तिथे."

"सुरुवातीला सगळ्यांनाच पोळतं," ठकूबाई मायेनं म्हणाली. पानावर उचलून तिने तिला अलगद जाळात ठेवलं. थोडं चरचरलं, मग काही ऐकू आलं नाही.

"बघ, रमली," डोळे पुसत ठकूबाई म्हणाली. "आणि तू गं? अशी अचानक कशी आलीस?"

सगुणाने पोळलेला हात पदराखाली आणखी आत ओढला.

"सहज," ती म्हणाली.