आकाशपाळण्याचा नियम

मीनल सावे चाकांच्या खुर्चीत बसून दीड तास सगळ्यांसारखीच रांगेत थांबली होती. आकाशपाळण्यापाशी तिचा नंबर आला आणि उद्यानाचे मॅनेजर दळवी आडवे आले.

"बाई, तुम्हाला बसवायला वेळ लागेल. मागची रांग खोळंबेल."

"खोळंबू दे, आम्ही थांबतो," मागून एक आजोबा म्हणाले.

तेव्हा दळवींनी फलकावरच्या नियमावर बोट ठेवलं. "पाळणा वर बंद पडला तर तुम्हाला चालत बाहेर पडता येणार नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

'भल्यासाठी' ऐकून मीनलचं डोकं तडकलं. "आणि या लोकांना येईल? शंभर फुटांवरून, चालत?"

"तसं नाही हो. त्यांनी मदत येईपर्यंत नुसतं बसून राहायचं."

"मग बसून राहण्यात माझा हात कोण धरणार, साहेब? तेवीस वर्षं मी तेच करतेय!"

अख्खी रांग खो खो हसली. दळवींचा चेहरा पडला आणि त्यांनी फाटक उघडलं. मीनल मात्र हसली नाही. पाळणा वर निघाला, तरी ती खालच्या त्या फलकाकडेच रागाने बघत होती.