न भाजणाऱ्या हातांची कहाणी

ऐक गं अन्नपूर्णे माये, तुझ्या चुलीपुढं बसणाऱ्या एका सुनेची कहाणी. बायांनो, अक्षता घेतल्यात ना सगळ्यांनी? मग मूठ घट्ट मिटा. त्या कोपऱ्यातल्या दोघी, तुमच्या गप्पा नंतर. कहाणी संपेस्तोवर मुठीतले तांदूळ तळहाताला लागत राहू द्या. का ते शेवटी सांगेन, मध्येच विचारू नका.

आटपाट म्हणावं असं एक गाव होतं. गावाला राजा होता, राणी होती, नदी होती. नदीकाठच्या आळीत राजाईचं घर होतं. राजाई मांडे करायची. लग्न असो, मुंज असो, बारसं असो, मांडे राजाईच्याच घरचे. उलथं खापर चुलीवर लालबुंद तापवायचं, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत परातीएवढा करायचा, आणि अलगद खापरावर टाकायचा. हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. राजाई हाताची तरबेज होती आणि तोंडाची फटकळ होती. तिचा लेक गोरख, भला माणूस, पण आईपुढं त्याची मान वर व्हायची नाही. त्याची बायको गोजरा. तिला राजाईनं सात वर्षं खापरापुढं बसवून मांडे शिकवले. पहिल्या वर्षी पोरीचे हात पोळले, दुसऱ्या वर्षी पोळले, तिसऱ्या वर्षी ती ओलं फडकं धरायला शिकली.

मग एके साली पौष महिना आला. गोजरेचं बोट खापराला टेकलं, तिला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी टेकलं, काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी फडकं हाताशी नव्हतं, तर तिनं नुसत्या हातांनी खापराची कड धरली आणि ते चुलीवरून उतरवलं. राजाई बघतच राहिली.

"पोळलं नाही?"

"नाही हो सासूबाई."

राजाईनं सुनेचे हात कपाळाला लावले. म्हणाली, अन्नपूर्णा प्रसन्न झाली, माझ्या सुनेला अग्नी भाजत नाही. मग काय विचारता! आळीत बातमी गेली, गावात गेली, राजवाड्यात गेली. बायका मांडे न्यायला यायच्या त्या मांडे सोडून हातच बघत बसायच्या. कुणी ओटी भरायची, कुणी पाया पडायची. संध्याकाळी गोजरेच्या तळव्यावर टरारून फोड आलेला दिसायचा. राजाई त्याला हळद लावायची आणि म्हणायची, हा देवीचा छाप गं. गोजरेला खरं तर मनातून भीती वाटायची. पण सात वर्षं बोलणी खाल्लेल्या सुनेला कौतुक मिळालं की ते सोडवत नाही. तुम्हांला सोडवलं असतं का?

त्या गावात शेवंताबाई होती. गावाबाहेर दवाखाना, त्या दवाखान्याची ही बाई. साठ दारं तिच्या वाट्याची. खांद्याला पिशवी, पिशवीत वही, गोळ्यांची पानं आणि एक मोरपीस. उजवा हात सदा पदराखाली. ऊन असो, पाऊस असो, ती दारोदार जायची, अंगावर कुठं फिका चट्टा आहे का, कुठं बधिर आहे का विचारायची. कुणी बस म्हणे, कुणी दार लावून घेई.

ती राजाईच्या दारी आली. राजाई म्हणाली, "पीठ घालू का तांदूळ?"

"पीठ नको, तांदूळ नको. घरातल्या माणसांचे हातपाय बघायचेत."

"आमच्या घरी कुणी आजारी नाही. पुढचं दार बघ."

शेवंताबाई पुढच्या दारी गेली. पण तिच्या कानावर त्या हातांची गोष्ट आलेलीच होती. मग ती दुसऱ्यांदा आली, बायकांच्या घोळक्यात मागं उभी राहिली. गोजरेनं तापलं खापर उचललं. सगळ्या म्हणाल्या, धन्य धन्य. एकट्या शेवंताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. गोजरेनं ते पाहिलं. तिच्या मनात आलं, ही का रडते?

सकाळी गोजरा नदीवर धुणं घेऊन गेली, तिथं शेवंताबाई दगडावर बसलेली. म्हणाली, "बाई, डोळे मीट. मी मोरपिसानं शिवेन, शिवलं तिथं बोट ठेव."

गोजरेनं डोळे मिटले. गालाला शिवलं, तिनं गालावर बोट ठेवलं. खांद्याला शिवलं, खांद्यावर बोट ठेवलं. मग ती वाट बघत राहिली. नदीचं पाणी वाजत होतं, कुणी तरी पलीकडं कपडे आपटत होतं. ती म्हणाली, "आता शिवा की."

"मी केव्हाची शिवतेय," शेवंताबाई म्हणाली. "डोळे उघड."

मोरपीस कोपराखालच्या फिक्या चट्ट्यावर होतं. तिथून ते करंगळीपर्यंत गेलं, तळहातावर आलं, गोजरेला काही कळलं नाही.

"हा देवीचा वर नाही, पोरी. हा कुष्ठरोग आहे. घाबरू नकोस, पळू नकोस. कुणाचा शाप नाही, कुणाचं पाप नाही. याला औषध आहे आणि तू बरी होशील. पण वेळ दवडलीस तर हात जातील."

"मग मी काय करू?"

"मी सांगते तो वसा घे."

"तुमचा वसा कसा घ्यावा?"

"पहिली गोळी माझ्यादेखत घ्यावी. मग रोज घ्यावी, एक दिवस चुकवू नये. अठ्ठावीस दिवसांचं एक पान, अशी बारा पानं. हात रोज पाण्यात भिजवावे, तेल चोळावं, उजेडात धरून निरखावे. विस्तवाला फडक्याशिवाय हात लावू नये. पहिल्या दिवशी लघवी तांबडी होईल, भिऊ नये. अंगाचा रंग काळवंडेल, औषध सरलं की तोही हळूहळू सरेल. आणि पुरं झालं की बारा बायकांना बोलवावं, त्यांच्या पाठी बघाव्या, जेवू घालावं. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, ती दुसरीनंच बघावी लागते."

गोजरेनं तिथंच नदीच्या पाण्याबरोबर गोळी घेतली. घरी कुणाला सांगितलं नाही. एक पान सरलं, दुसरं सरलं. मग अंग काळवंडलं. राजाई म्हणाली, दृष्ट लागली गं माझ्या सुनेला. तेवढ्यात राजवाड्यातून सांगावा आला: वैशाखात राजकन्येचं लग्न, मांडे तुमचेच, आणि सुनेनं सगळ्या पाहुण्यांसमोर नुसत्या हातांनी खापर उतरवावं. राजाई हरखून गेली. म्हणाली, "अशी काळीठिक्कर होऊन राणीपुढं उभी राहणार का?"

गोजरा भुलली. वसा खुंटीला टांगला. शेवंताबाई नदीवर नवं पान द्यायला आली की ती हसून घ्यायची आणि उतरंडीच्या तळच्या मडक्यात टाकायची. हात भिजवले नाहीत, तेल चोळलं नाही, निरखले नाहीत. शेवंताबाईनं विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?" गोजरा म्हणाली, "आहेत की." शेवंताबाईनं विश्वास ठेवला. रिकामं पान मागून घेतलं नाही, हे तिचंही चुकलंच.

वैशाख आला. वाड्याच्या चौकात चूल मांडली, खापर तापलं, राणी खुर्चीवर बसली. सनई थांबली. गोजरेनं दोन्ही हातांनी खापर धरलं, उचललं, आणि पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून राणीनं सांगितलं तसं धरून उभी राहिली. उभी राहिली, उभी राहिली. मग तिला वास आला. चामडं जळल्याचा. ती इकडं तिकडं बघत म्हणाली, "कुणाचं भाजतंय? अहो, कुणाचं तरी भाजतंय."

तिचंच भाजत होतं, बायांनो.

खापर पडलं, फुटलं. तिच्या तळव्यांची कातडी खापराला चिकटून गेली होती आणि पोरीच्या तोंडून साधा हुं निघाला नव्हता. पाहुण्यांत कुणी तरी जाणतं होतं, त्यानं रोगाचं नाव उच्चारलं. झालं. काल पाया पडणाऱ्या बायकांनी नाकाला पदर लावले. राणी म्हणाली, "ते मांडे उचला आणि नदीत सोडा." राजाई खाली मान घालून सुनेच्या दहा पावलं पुढं चालत घरी आली. गोजरेचं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला, अंथरूण गोठ्यात टाकलं. गोरख गोठ्याच्या दाराशी बसून राहिला, पण आईला काही बोलला नाही.

सकाळी शेवंताबाई तिसऱ्यांदा आली. राजाई उंबऱ्यात आडवी उभी. "आता काय बघायला आलीस?"

शेवंताबाई तिला वळसा घालून गोठ्यात गेली. तिनं जखम धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली. गोजरा रडत म्हणाली, "मी वसा टाकला. तुमच्याशी खोटं बोलले. तुम्ही कुठल्या देवी आहात ते सांगा, मी पाय धरते."

तेव्हा शेवंताबाईनं उजवा हात पदराखालून काढला. त्याला दोन बोटं धड होती, बाकीची खुंटं.

"मी देवी नाही गं. पलीकडच्या गावात भजी तळायची. कढईतली भजी मी हातानं काढायची, गाव कौतुक करायचं. तीन वर्षं कौतुक झालं, मग बोटं गेली. माझ्या दारी कुणी विचारायला आलं नाही. म्हणून मी साठ दारी जाते. खोटं बोललीस, बरं. आजपासून खरं बोल. दवाखान्यात चल, हाताची नस सुजलीय, ती सूज उतरायला वेगळं औषध लागेल, ते आजच सुरू झालं पाहिजे."

एवढं बोलून तिनं गोजरेच्या वेगळ्या ताटातली भाकरी मोडली आणि राजाईच्या डोळ्यांदेखत खाल्ली. म्हणाली, "राजाई, औषध सुरू झालं की हिच्यापासून कुणाला बाधा नाही. ताटं वेगळी करून रोग जात नाही, माणूस तेवढं जातं."

राजाईनं सुनेचा हात उचलून उजेडात धरला. पट्टीबाहेर बोटाबोटांवर जुन्या भाजल्याचे डाग होते, ज्यांना तिनं स्वतः हळद लावून देवीचे छाप म्हटलं होतं. एक, दोन, अकरा डाग. राजाईला रडू कोसळलं. म्हणाली, "मीच हिच्या हातातलं फडकं सोडवलं." गोरखनं गोठ्यातलं अंथरूण काखेत मारलं आणि आईला न विचारता घरात नेऊन टाकलं. त्या घरात हे पहिल्यांदाच झालं.

मग वसा पुन्हा सुरू झाला. आता तो राजाईच्या हाती गेला, म्हणजे सुटण्याची सोयच नाही. रोज सकाळी गोळी नि पाण्याचा तांब्या घेऊन ती सुनेपुढं उभी. "गिळ. आता आ कर. जीभ वर कर." हात भिजवायची तीच, तेल चोळायची तीच, खिडकीशी नेऊन बोट न् बोट निरखायची तीच. गावातली मांड्यांची गिऱ्हाइकं तुटली, घर ज्वारीच्या भाकरीवर आलं, राजाईनं हूं की चूं केलं नाही. शेवंताबाई महिन्याच्या महिन्याला यायची, आधी रिकामं पान मोजून घ्यायची, मग नवं द्यायची. पट्टी सुटली. जखम भरली. उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या, डाव्याची दोन बोटं तशीच गप्प राहिली.

बारा पानं सरली. उद्यापन आलं. गोजरेनं आळीत बारा जणींना बोलावणं केलं. पहिल्यांदा कुणी येईना. मग शेवंताबाई आपल्या साठ दारी फिरली, एकेकीची समजूत घातली, अकरा आल्या. बारावा पाट रिकामा. गोजरेनं एकेकीला आत नेलं, पाठ बघितली, मोरपीस फिरवलं. अकराही जणी ठणठणीत. तेवढ्यात मागच्या दारानं डोईवरून शेला ओढलेली एक बाई आली, पाटावर बसली, पाठ फिरवली. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली रुपयाएवढा फिका चट्टा. मोरपीस फिरलं, बाई गप्प.

"कळलं?"

"नाही."

आवाज राणीचा होता. ती हळूच म्हणाली, "गावाला सांगशील?"

गोजरेला वाड्यातला चौक आठवला, नदीत सोडलेले मांडे आठवले. क्षणभर जीभ वळवळलीच तिची. मग ती म्हणाली, "नाही बाईसाहेब. शेवंताबाईंना दाखवते. त्या सांगतील ते औषध घ्या. वेळेत आलात, तुमचं लवकर आटपेल. आणि आता जेवून जा."

मग चूल पेटली, नवं खापर तापलं. वर्षभरात पहिल्यांदा गोजरा मांडे करायला बसली, दोन्ही हातांना ओलं फडकं. पहिला मांडा झाला, दुसरा झाला. तिसरा उचलताना फडकं सरकलं आणि उजवा अंगठा खापराला टेकला.

"आई गं."

हात झटकून ती मागं सरली. राजाई पाण्याचं भांडं घेऊन धावली, तिचा अंगठा पाण्यात बुडवला, काढला, फुंकर घातली, पुन्हा बुडवला. "पोळलं का गं?"

"पोळलं सासूबाई," गोजरा म्हणाली. "चांगलं पोळलं. अजून चुरचुरतंय."

ती हसायला लागली, मग रडायला लागली. राजाईनं तिला छातीशी धरलं. शेवंताबाईनं उजवा हात उघडा ठेवून पहिला मांडा खाल्ला, आणि राणीनं दुसरा मागून घेतला. त्या दिवसापासून साठातली तीस दारं गोजरेनं आपल्या वाट्याला घेतली.

आता मुठी उघडा बायांनो. तळहाताला तांदूळ लागले होते? लागले असतील तर अक्षता अन्नपूर्णेला वाहा. नसतील लागले तर लाजू नका, माझ्याजवळ येऊन बसा, आपण दोघी बघू. घरी गेल्यावर शेजारणीची पाठ बघा, तिला आपली दाखवा. जसा गोजरेला चटका कळला, तसा तुम्हां आम्हां सगळ्यांना कळो. जसं शेवंताबाईनं दार ठोठावलं, तसं प्रत्येक दारी कुणी वेळेत येवो. ही साठ दारांची कहाणी, पाचां बोटी सुफळ संपूर्ण.