ठिपकी मुंगी आणि काहीहीचा डबा

एक होती मुंगी. एवढीशी.

किती एवढीशी? तिळाच्या शेजारी बसली, तर तीळ मोठा दिसेल, एवढीशी.

तिचं नाव ठिपकी. ती राहायची स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या फटीत. तिच्याबरोबर राहायचा तिचा धाकटा भाऊ, पिटुक. पिटुक ठिपकीहूनही एवढासा. आता तो केवढा असेल, ते तुम्हीच बघा.

त्या घरात होते एक आजोबा. आजोबा जेवायला बसले, की आधी ताटाभोवती पाणी फिरवायचे. मग ताटाबाहेर भाताची चार शितं ठेवायचे. म्हणायचे, "हे मुंगीचं. आधी तिचं, मग माझं."

मग ठिपकी यायची. तुरु तुरु तुरु. एकेक शीत उचलायची, फटीत न्यायची. पिटुक खायचा, ठिपकी खायची. असं रोज चालायचं.

एक दिवस काय झालं? कालचं एकच शीत उरलं होतं. तेही लांब, टेबलाच्या पायाशी पडलं होतं. ठिपकीनं ते दुपारभर ओढलं. ओढलं, ढकललं. पुन्हा ओढलं. संध्याकाळी कुठे फट जवळ आली. आता फक्त एक वीत उरली होती.

तेवढ्यात आजोबा आले पाणी प्यायला. आजोबांना झालं होतं पडसं.

"आं... आं... आंऽऽछी!"

शीत उडालं. भुर्रर्र! गेलं थेट मोरीत. जाळीतून खाली. गुडुप.

ठिपकीही उडाली. तीन कोलांट्या खाऊन उताणी पडली. सहाही पाय वर.

फटीतून पिटुक म्हणाला, "अक्का, माझं जेवण?"

ठिपकीनं पाय झटकले. म्हणाली, "तू दाराशीच बस हं. कुठे जाऊ नकोस. मी शीत आणते."

आणि ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु. गेली आजोबांकडे.

"आजोबा, आजोबा, शीत द्या ना.
पिटुक बिचारा उपाशी,
वाट बघतोय दाराशी."

आजोबांनी चष्मा लावला. खाली वाकले. म्हणाले, "अगंबाई, तुझं शीत उडवलं का मी? चुकलं हं माझं. पण ताट तर रिकामं आहे. मी नाही शीत देत जा. आधी ताट भरू दे."

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु. गेली ताटाकडे. ताट मांडणीत उभं होतं. आरामात टेकून.

"ताटा, ताटा, भर ना.
आजोबा शीत देईनात,
पिटुक बिचारा उपाशी,
वाट बघतोय दाराशी."

ताट म्हणालं, "टण्ण! मी नाही भरत जा. आधी कुकरला शिट्टी मारू दे."

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु. गेली कुकरकडे. कुकर ओट्यावर बसला होता. जाडजूड, गप्प, गाल फुगवून.

"कुकरा, कुकरा, शिट्टी मार ना.
ताट भरेना,
आजोबा शीत देईनात,
पिटुक बिचारा उपाशी,
वाट बघतोय दाराशी."

कुकर म्हणाला, "फुस्स! माझ्या पोटात ना डाळ, ना तांदूळ. मी नाही शिट्टी मारत जा. आधी बाबांना मला लावू दे."

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु. गेली बाबांकडे.

त्या घरात स्वयंपाकाच्या पाळ्या होत्या बरं का. एक दिवस आईचा, एक दिवस बाबांचा. आज पाळी होती बाबांची. बाबा नुकतेच कामावरून आले होते. खांद्यावर टॉवेल टाकून फ्रीजसमोर उभे होते. फ्रीज उघडा. टीं टीं टीं, टीं टीं टीं. आत होता एक कोबी. बाबा कोबीकडे बघत होते. कोबी बाबांकडे बघत होता.

"बाबा, बाबा, कुकर लावा ना.
कुकर शिट्टी मारीना,
ताट भरेना,
आजोबा शीत देईनात,
पिटुक बिचारा उपाशी,
वाट बघतोय दाराशी."

बाबा म्हणाले, "लावतो की. लावायला काय झालंय? पण करू काय? परवा पोहे केले. त्याच्या आधी केले पोहे. त्याच्याही आधी पोहेच केले. आता पोहे म्हटलं की सगळे पळतात. मी नाही कुकर लावत जा. आधी आमच्या रेवाच्या आईला ठरवू दे."

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु. गेली आईकडे.

आईही नुकतीच आली होती. एक चप्पल पायात, एक चप्पल हातात. कानाला फोन. "हो सर. बरं सर. उद्या देते सर."

"आई, आई, ठरव ना.
बाबा कुकर लावीनात,
कुकर शिट्टी मारीना,
ताट भरेना,
आजोबा शीत देईनात,
पिटुक बिचारा उपाशी,
वाट बघतोय दाराशी."

आईनं फोन ठेवला. आतल्या बाजूला तोंड करून म्हणाली, "अहो, काहीही करा. पटकन होईल असं काहीही."

बाबांनी लगेच डबे उघडले. ठक. "यात डाळ." ठक. "यात रवा." ठक. "यात शेंगदाणे." ठक, ठक, ठक.

बाबा म्हणाले, "काहीही कुठल्या डब्यात आहे?"

काहीहीचा डबा काही सापडेना.

आई म्हणाली ठिपकीला, "दिवसभर ऑफिसात मीच ठरवते. आता घरीही मीच? मी नाही ठरवत जा. आधी रेवाला सांगू दे."

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु. पाय दुखायला लागले. सहाच्या सहा. पण पिटुक दाराशी होता ना? मग थांबून कसं चालेल? गेली रेवाकडे.

त्या घरात एक बाळही होतं. रेवा होती त्याची ताई. ती हत्ती रंगवत होती. हत्ती निळा, सोंड पिवळी.

"रेवा, रेवा, सांग ना.
आई ठरवेना,
बाबा कुकर लावीनात,
कुकर शिट्टी मारीना,
ताट भरेना,
आजोबा शीत देईनात,
पिटुक बिचारा उपाशी,
वाट बघतोय दाराशी."

रेवा म्हणाली, "मला काहीही चालेल."

आतून बाबा म्हणाले, "कोबी करू?"

"कोबी नको."

"वांगं?"

"ई, वांगं नको."

"भेंडी?"

"भेंडी बुळबुळीत असते."

"मग काय करू?"

"काहीही," रेवा म्हणाली, आणि हत्तीला हिरवे कान काढले.

घ्या. काहीही चालेल, पण कोबी नको, वांगं नको, भेंडी नको.

ठिपकी म्हणाली, "अगं रेवा, सांग ना."

रेवा म्हणाली, "मी थालीपीठ सांगितलं, की बाळ भोकाड पसरतं. मी आमटी सांगितली, की बाळ वाटी पालथी घालतं. मी नाही सांगत जा. आधी बाळाला बोलू दे."

ठिपकी निघाली. तुरु... तुरु... तुरु. दमली बिचारी. गेली बाळाकडे.

बाळ बसलं होतं टेबलाखाली. एका हातात पळी, पुढ्यात पालथी वाटी. ठाण ठाण ठाण. ठाण ठाण ठाण.

"बाळा, बाळा, बोल ना.
रेवा सांगेना,
आई ठरवेना,
बाबा कुकर लावीनात,
कुकर शिट्टी मारीना,
ताट भरेना,
आजोबा शीत देईनात,
पिटुक बिचारा उपाशी,
वाट बघतोय दाराशी."

ठाण ठाण... बाळ थांबलं. पळी खाली ठेवली.

बाळ बोलेना. नुसतं बघत राहिलं.

ठिपकीला रडूच आलं. आता कोणाकडे जायचं? बाळापुढे कोणीच नव्हतं. पुढे भिंतच होती. भिंतीला कसं विचारणार?

तेवढ्यात बाळ पालथं झालं. पोटावर झोपलं. नाक जमिनीला टेकवलं. बाळाचं नाक इथे, ठिपकी तिथे. मध्ये चिमूटभर जागा.

बाळ म्हणालं, "मुंगी, तू काय खानाल?"

ठिपकी बघतच राहिली. आजोबांनी तिला शितं दिली होती, रोज दिली होती. पण तू काय खाणार, असं तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं, की दुखरे पाय विसरली.

ठिपकी हळूच म्हणाली, "मी ना? मी भात खाईन. मऊ मऊ. मला एक शीत, पिटुकला एक शीत."

बाळ उठलं. पळी उचलली. वाटीवर मारली. ठाण!

"भाऽऽत!"

सगळं घर गप्प झालं. फ्रीजसुद्धा टीं टीं करायचा थांबला. कारण बाबांनी दार लावलं.

रेवा धावत आली. "भात! मटार घातलेला भात. मी सांगते, मटारभातच करा. मटार मी सोलते."

आई म्हणाली, "ठरलं. मटारभात आणि ताक. ताक मी घुसळते." मग तिनं हातातली चप्पल बघितली. म्हणाली, "ही अजून हातातच आहे का?"

बाबा म्हणाले, "भात होय? मग आधी सांगायचं ना."

रेवानं मटार सोलले. टप टप टप. चार वाटीत, एक तोंडात. बाबांनी तांदूळ धुतले. सळ सळ सळ. फोडणी दिली. चर्रर्र! तांदूळ घातले, मटार घातले, पाणी घातलं. कुकर लावला.

कुकरचे गाल फुगले. फुगले. आणखी फुगले.

एक शिट्टी. फुर्रर्र!

दोन शिट्ट्या. फुर्रर्र!

तीन शिट्ट्या. फुर्रर्रर्र!

ताट मांडणीतून खाली आलं. टण्ण! भात वाढला. गरम गरम, वाफ वर. ताट भरलं.

आजोबा जेवायला बसले. ताटाभोवती पाणी फिरवलं. ताटाबाहेर शितं ठेवली. एक, दोन, तीन, चार. मग पाचवंही ठेवलं. म्हणाले, "चार रोजची. आणि हे पाचवं, मी उडवलं त्याच्याबद्दल."

ठिपकी पुढे आली. तुरु तुरु तुरु. शिताला हात लावणार, तोच आजोबांचं नाक वर गेलं.

"आं..."

ठिपकी थांबली.

"आं... आं..."

पिटुकनं फटीत डोळे मिटले.

"आं... आं... आं..."

बाळ उठलं. दुडुदुडु गेलं. आजोबांचं नाक चिमटीत धरलं. घट्ट.

शिंक आली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. वाट सापडेना. गेली परत.

आजोबा नाकातल्या नाकात म्हणाले, "शाब्बास ले बाला." आणि सगळे हसले.

ठिपकीनं पहिलं शीत उचललं. ओढलं, ढकललं, दाराशी नेलं. पिटुक तिथेच बसला होता. कुठे गेला नव्हता. म्हणाला, "अक्का, आणलंस?"

"आणलं रे राजा. खा."

बाळ बोललं,
रेवानं सांगितलं,
आईनं ठरवलं,
बाबांनी कुकर लावला,
कुकरनं शिट्टी मारली,
ताट भरलं,
आजोबांनी शीत दिलं,
पिटुक जेवला पोटभर,
ढेकर दिला तीळभर.

दुसऱ्या दिवशी पाळी होती आईची. आई कामावरून आली. पदर खोचला. म्हणाली, "आज काय करू?"

आजोबा म्हणाले, "काहीही कर."

बाबा म्हणाले, "काहीही."

रेवा म्हणाली, "काहीही. पण कोबी नको."

बाळ गेलं ओट्याजवळ. पालथं झालं. पोटावर झोपलं. नाक फटीला लावलं.

"मुंगी, मुंगी, आज काय खानाल?"

आत कुजबुज झाली. जरा वेळ झाली. मग दोन आवाज आले. एक एवढासा. एक त्याहूनही एवढासा.

"आज ना... गोड!"

आणि त्या दिवशी त्या घरात झाला शिरा. गरम गरम, तुपातला. आजोबांनी आधी मुंगीचा काढला, मग आपला घेतला.

आणि काहीहीचा डबा? तो बाबा अजून शोधताहेत.