चौथं रीडिंग

"खरं रीडिंग कोणतं, सर?"

प्रयोगशाळा रिकामी झाली होती. रसायनशास्त्राचे धारप सर धुतलेल्या ब्युरेटी, आकडे कोरलेल्या त्या काचेच्या नळ्या, स्टँडला उलट्या लावत होते. रेवती खोत, बी.एस्सी. पहिलं वर्ष, जर्नल छातीशी धरून उभी होती.

झालं काय, सरांनी विचारलं.

झालं ते असं. आजच्या प्रयोगात सगळ्या बॅचने नऊ पॉइंट आठ मिलिलिटर लिहिलं होतं, मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी जर्नलातून उतरवून. रेवतीने प्रयोग तीनदा स्वतः केला. तिन्ही वेळा दहा पॉइंट सहा आलं. गेल्या महिन्यात तिने अशाच नकलेची तक्रार केली होती. तेव्हापासून तिच्याशी कुणी बोलत नाही. डबासुद्धा ती एकटीच खाते. खरेपणाने रेवतीबाईंचं नाक वर होतं, आणि डोळे भरलेले.

"तुम्ही वर्गात सांगा, सर. माझंच खरं आहे म्हणून."

"मग बोलतील?"

"… निदान मी कशासाठी एकटी पडले, ते तरी कळेल त्यांना."

सरांनी एक ब्युरेट सुलटी करून भरली आणि म्हणाले, माझ्यासमोर एकदा कर.

चंबूतल्या द्रावणाला फिकट गुलाबी छटा आली की थांबायचं, हे तिला झोपेतही ठाऊक होतं. पण सर जवळ उभे. डोळ्यांत पाणी. तोटी बंद करायला क्षणभर उशीर झाला.

द्रावण गडद गुलाबी झालं.

ब्युरेटवर दहा पॉइंट नऊ होतं. रेवतीने ते नीट वाचलं. मग जर्नल उघडलं, आणि तिन्ही आकड्यांखाली चौथा लिहिला.

दहा पॉइंट सहा.

सर बघत होते.

त्यांनी चंबू उचलला आणि पांढऱ्या टाइलवर, तिच्या जर्नलाशेजारी ठेवला.

"सर, ते… एक चुकलं म्हणून सगळं खोटं दिसलं असतं."

"हं."

"माझं दहा पॉइंट सहाच आहे, सर."

"आहेच. मी सकाळी करून पाहिलंय."

रेवती रडू लागली. सरांनी सहीसाठी उघडलेलं पेन बंद करून खिशाला लावलं.

"कँटीनमध्ये बसलेत सगळे," ते हळूच म्हणाले. "जा. तुझीच माणसं आहेत."