उंबरदरीला सांगायला कोण जाणार?

कॉलेजच्या मोठ्या दालनातल्या वाळूच्या नकाशात एकच तुकडा काळ्या मातीचा का, असा प्रश्न तुम्हांला पडला नाही का? डोंगर वाळूचे, नदी वाळूत कोरलेली, रस्तेही वाळूतच आखलेले. फक्त मधोमध, दरीच्या तोंडाशी, ओंजळभर शेतातली माती आणि तिच्यावर लाल ठोकळ्यांची घरे. ते आमचे गाव, उंबरदरी.

तुमचे यजमान वर्षभरासाठी इथल्या लष्करी कॉलेजात आले आहेत, तेव्हा तुम्हांला हे माहीत असलेले बरे. इथे येणारे सगळे मेजर हुद्द्याचे, दहा-बारा वर्षे नोकरी झालेले. बंदूक त्यांना येतेच. इथे ते शिकतात हुकूम तयार करायला: कोणी कुठे जायचे, कोणत्या वेळी, कोणाच्या मागून. वर्षाच्या शेवटी वाळूवर लढाई मांडतात आणि तिच्यावर निकाल लागतो.

कॉलेज नवीन होते तेव्हाची गोष्ट आहे, असे सांगतात. त्या वर्षी मेजर दिनकर शिंगारे नावाचा अधिकारी सगळ्यांत हुशार होता. शत्रू दरीतून घाटाकडे येतो आहे, त्याला थांबवा, असे कोडे होते. बाकीचे घाटात लढत बसले. शिंगारेने नकाशावर दरीच्या वरचे धरण फोडले. शत्रूच्या साऱ्या गाड्या दरीत बुडाल्या आणि आपला एकही शिपाई गेला नाही. पाणी दाखवायला त्याने निळी रांगोळी पसरली होती. प्रमुख ब्रिगेडियर साहेबांनी सर्वांसमोर त्याची पाठ थोपटली आणि तो नकाशा तसाच ठेवायला सांगितला.

नेमकी तेव्हा खंडेनवमी आली. शस्त्रपूजेला गावाला आमंत्रण असायचे, ते अजूनही असते. लोक तोफांना हळदकुंकू वाहून दालन बघायला गेले. त्यांत हौसाबाई होती. ती गावची सुईण. अर्धे गाव तिच्या हातावर जन्मले होते.

ती नकाशापुढे थांबली. शिंगारे तिथेच उभा होता.

"लेकरा, हे कुठलं गाव?"

"तुमचंच, आजी. उंबरदरी."

"आणि हे निळं?"

"पाणी. धरण फोडलं आम्ही. शत्रू पार बुडवला."

मागून गावातला कोणी म्हणाला, "हौसाआजे, आता म्हातारपणी पोहायला शीक!" सगळे हसले. शिंगारेही हसला.

हौसाबाई हसली नाही. "आणि आम्ही?" तिने विचारले.

"खेळ आहे हो, आजी."

"खेळच हाय तर काढ की आम्हांला वर."

एवढे बोलून ती दालनाच्या पायरीवर जाऊन बसली. गाव पाण्याखाली असेतोवर माझ्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरणार नाही, असे तिने सांगून टाकले. लोकांना आधी गंमत वाटली. संध्याकाळपर्यंत कोणाला वाटेनाशी झाली.

ब्रिगेडियर साहेब म्हणाले, "शिंगारे, वाळूवरून फडकं मारा आणि बाईंना घरी सोडून या." शिंगारेने रांगोळी पुसली, ठोकळे धुऊन जागेवर ठेवले आणि तिला आत नेऊन दाखवले.

तिने विचारले, "आता लढाई कोण जिंकलं?"

तो खोटे बोलला असता तर ती घरी गेली असती. पण तो म्हणे खोटे बोलणारा माणूस नव्हता. "आता शत्रू घाट चढून वर आला," तो म्हणाला.

"म्हंजे खरीच वेळ आली तर तू परत पाणी सोडणार."

ती पुन्हा पायरीवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढले तेव्हा तिचे ओठ फुटले होते. शिंगारे नकाशापाशी बसून तोच डाव पुनःपुन्हा मांडत होता. पाणी सोडले नाही तर घाटात आपली माणसे मरत होती, कसेही मांडले तरी मरत होती. शेवटी तो बाहेर येऊन तिच्या शेजारी पायरीवर बसला आणि त्याने तेच सांगितले.

हौसाबाई म्हणाली, "त्यांच्याबी आया असतीलच की. मग सोड बाबा पाणी. पर आधी कुणाला तरी पाठव. आम्ही शेरडंकरडं घेऊन टेकडी चढतो."

"गाव हललं की शत्रूला कळतं, आजी. मग तो दरीत उतरतच नाही."

"म्हणून नाही पाठवलंस व्हय?"

आणि इथे, असे सांगतात, शिंगारेचा चेहरा उतरला. त्याने आत जाऊन आपला हुकूम पुन्हा वाचला. धरणाला सुरुंग कोणी लावायचा ते त्यात होते. जखमींना कुठे न्यायचे ते होते. शिपायांना चहा कुठे मिळणार तेही होते. गावाला सांगायला कोणी जायचे, हे नव्हते. विचार करून गाळले असते तर तो निर्णय तरी झाला असता, कितीही कठोर असला तरी. त्याच्या ते मनातच आले नव्हते. आणि ज्या साहेबांनी पाठ थोपटली त्यांच्याही मनात आले नव्हते.

त्याने हुकमात एक ओळ वाढवली: उंबरदरीला कळवायला मेजर शिंगारे स्वतः जाईल. मग तो साहेबांपुढे उभा राहिला.

साहेबांनी वाचले. "गाव हललेलं शत्रूला दिसणार. तुम्ही हरलात, शिंगारे."

"होय, सर."

"तुमचा निकाल बदलावा लागेल."

"होय, सर."

हुकूम लिहिला की तो पाळायचा, ही फौजेची रीत. शिंगारे हौसाबाईला आधार देत गावात घेऊन गेला आणि पारापाशी उभा राहून ओरडला, "पाणी येतंय, निघा!" लोक आधी हसले. मग हौसाबाईने नुसते बघितले, तशी बायकांनी पोरे काखोटीला मारली, गुरे सोडली आणि सारे गाव टेकडीवर जाऊन बसले. तिथे तिने शिंगारेच्या हातून पाणी घेतले. काही जण सांगतात की त्या दिवशी धरण खरेच फुटले आणि गाव वाचले. तसे काही झाले नाही. धरण आहे तसे आहे. शिंगारे मात्र नापास होऊन गेला आणि पुढे त्याला बढती मिळाली नाही म्हणे.

साहेबांना त्याला पास करता आले नाही, पण त्यांनी एक रिवाज घालून दिला. नकाशात उंबरदरीच्या जागी कॉलेजने वाळू घालायची नाही; गावच्या बायकांनी आपापल्या अंगणातली माती आणून टाकायची. आणि पाणी सोडणाऱ्याने ठरवायचे, सांगायला जायचे की नाही. जायचे ठरवले तर सूर्य मावळायच्या आत स्वतः पायी खाली यायचे. कोणावर सक्ती नाही. जो येतो तो बहुतेक हरतो, हे त्यालाही ठाऊक असते आणि आम्हांलाही.

आजही शेवटच्या डावाच्या संध्याकाळी आम्ही बायका पाराशी जमतो. भाज्या निवडतो, इकडचे तिकडचे बोलतो, पण डोळे वाटेवर असतात. कोणी उतरताना दिसला की घरोघर हाक जाते आणि आम्ही खरेच टेकडी चढतो. म्हाताऱ्यांना पाठीवर घेतो. त्या अधिकाऱ्याला वर भाकरी देतो.

गेल्या वर्षी एका अधिकाऱ्याने पाणी सोडल्याचे दुपारीच कळले. आम्ही दिवे लागेपर्यंत वाट बघत बसलो. माझी सासू म्हणाली, "वाट चुकला असंल." मग एकेक जण उठून स्वयंपाकाला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अधिकारी पहिला आल्याचे पेढे घेऊन बायकोसह गावात आला, आणि आम्ही ते घेतले.