पुनाजीचा वासा

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. माझ्या पणजोबांनी डोळ्यांनी पाहिली. म्हणजे पणजोबांना तेव्हा दिसत नव्हतं, पण ऐकू चांगलं यायचं.

तर फार मागे, खालच्या सातवणात पुनाजी सुतार राहायचा. भारी घाबरट माणूस. वासा लांब असला तर तो जाड घ्यायचा. जाड मिळाला नाही तर वासे जवळजवळ बसवायचा. लोक हसायचे, "पुनाजीच्या छपरातून उंदीरसुद्धा अंग चोरून जातो!" पण त्याचं एकही छप्पर कधी वाकलं नाही, असं म्हणतात.

त्याची एकुलती लेक येसू वरच्या वाडीत दिली होती. तिचे सासरे भागोजीशेट लाकडाचे व्यापारी. त्यांनी ऐसपैस माजघराचं नवं घर काढलं आणि छपराचं काम व्याह्यालाच दिलं.

"शेट, माजघर रुंद, म्हणून वासे लांब. त्यात हे बारीक. हातभर अंतरावर बसवू या," पुनाजी म्हणाला.

"दोन हातांवर बसवा. मुलगी दिलीत, आता अक्कलही देणार का?"

मुलीच्या बापानं व्याह्यापुढे बोलायचं नाही, ही तेव्हाची रीत. पुनाजीनं वासे दोन हातांवर बसवले आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

पावसाळा लागला. पुनाजी रोज वरच्या वाडीत जायचा आणि अंगणात उभा राहून छपराकडे बघायचा.

"बाबा, मला बघायला येता की वाशांना?" येसू हसायची. दिवस भरत आले होते तिचे.

"दोघांना," तो म्हणायचा. हसायचा मात्र नाही.

श्रावणात एकदा भरदुपारी अंधारून आलं. वारा असा, की कौलं खडखडू लागली. नेमक्या त्याच वेळी येसूला कळा सुरू झाल्या. तिला हलवता येईना, आणि डोक्यावरचे वासे करकरू लागले. मधला तर पोट सुटल्यासारखा खाली आला.

पुनाजी चिखलातून धावत आला आणि त्यानं त्या वाशाला खांदा दिला. शेजारचा करकरला, त्याला हात लावला. पलीकडचा करकरला, तेव्हा त्याचा दुसरा हात लांब झाला, असं म्हणतात. मग बोटं लांबली. एकेका वाशाखाली एकेक बोट! खाली बाळ रडलं.

भागोजीशेटनी वखारीतले जाड वासे स्वतः खांद्यावरून आणले. ते मध्ये मध्ये बसले, करकर थांबली. शेट म्हणाले, "व्याही, चुकलो. सोडा आता."

पण पुनाजीचे पाय जमिनीत रुजले होते. त्याचा सागवानी खांब झाला होता.

सातवणात आजही घर बांधताना, वासे बसले की सुनेच्या माहेरच्यांना बोलावतात. त्यांना उघड्या छपराखाली बसवून विचारतात, "तुमची लेक इथे निजेल का?" ते होकारार्थी मान डोलावतील तेव्हाच कौलं चढतात. नाही म्हणाले, तर एक वासा वाढवायचा. त्याला पुनाजीचा वासा म्हणतात. हल्ली लोखंडी पाइप असतात, तरी विचारतात.

आता कबूल करतो. बोटं लांबली, खांब झाला, हे सगळं गाव सांगतं. ते माझं नाही. मी पदरचं घातलं ते एवढंच, की भागोजीशेट "चुकलो" म्हणाले. ते तसं कधीच म्हणाले नाहीत. म्हणाले असते, तर गावाला हे विचारायची वेळ कशाला आली असती?