झाकलेला रांजण

शके अठराशे त्रेपन्नचा पौष. थंडी अशी, की रंगात हात घालायला रंगाऱ्याच्याही जिवावर यायचं.

“मग झाकलेल्या रांजणात वाऱ्यावाचून आतला जीव श्वास घेतो तरी कशानं?” नरसूनं विचारलं.

तुळाजीबुवा दिवसा निळीत कापड रंगवत आणि संध्याकाळी आल्यागेल्याला चार शब्द सांगत. नरसू दोन्हींसाठी त्यांच्याकडे राहिला होता. निळीचा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, भोवती उबेला लीद. आत नीळ, चुना, गूळ आणि शिजवलेलं टाकळ्याचं बी. हे आंबवलेलं, जितं पाणी बुवांच्या गुरूंनी लावलेलं. विरजणासारखं थोडं काढायचं, थोडं भरायचं, मूळ मरू द्यायचं नाही.

बुवांनी उलट विचारलं, “तुझी आई लोणच्याच्या बरणीला दादरा का बांधते?”

“वारा लागू नये म्हणून.”

“मग झालं.”

नरसूनं मान हलवली. पटलं मात्र नाही.

बुवा लेकीकडे गेले. जाताना झाकणाकडे बोट दाखवून गेले. नरसू झाकणाला कान लावून बसे. आत काही हलेना. त्याला वाटलं, गुदमरलं बिचारं. त्यानं झाकण काढलं, काठी घेतली आणि रांजण चांगला ढवळला. दुसऱ्या दिवशीही तेच. माया दाटून आली, की माणसाला हात आवरत नाही.

बुवा परतले. हिरवं असायचं ते पाणी तळापर्यंत निळं झालं होतं. त्यांनी चिंधी बुडवली, मग साध्या पाण्यात खळबळली. सगळा रंग निघून गेला.

“मेलं,” ते म्हणाले.

रांजणाच्या गळ्यावर हात ठेवून बसून राहिले. त्यापेक्षा त्यांनी चार तडाखे दिले असते तर नरसूला बरं वाटलं असतं.

त्या पाण्याची जात आता एकाच ठिकाणी उरली होती. नदीपल्याड, येसाजीकडे. येसाजी बुवांचा गुरुबंधू. गुरू गेले, रांजण तुळाजीकडे आला, आणि येसाजी रागानं उठून पल्याड गेला. बुवांनी त्याच्यामागोमाग त्याच पाण्याची एक घागर धाडली. त्यानं ती ठेवून घेतली. तेव्हापासून बोलणं बंद. बाजारात समोरासमोर आले, तर एक जण गल्ली बदलायचा.

पण रोज संध्याकाळी बुवा काठावर उभे राहत. पल्याडच्या दोरीवरचं कापड बघत.

“आज गडद काढलंय,” असं म्हणत. कोणाशी, ते नरसूला कधी विचारवलं नाही.

बुवांना न विचारताच नरसू नदी ओलांडून येसाजीकडे गेला. केलेलं सगळं सांगितलं.

“श्वास द्यायला निघाला होता,” येसाजी म्हणाला. “मोठा धन्वंतरीच की.”

नरसूनं मान खाली घातली.

“त्यानं पाठवलं तुला?”

“नाही. त्यांना ठाऊकही नाही.”

येसाजीनं चुन्याचे हात पुसले.

“त्याच्या दोरीवर कापड दिसेना. मला वाटलं...”

वाक्य तिथंच राहिलं. त्यानं घागर काठोकाठ भरली, तोंडाला पान लावलं, वरून ओली माती लिंपली. नरसूनं हात पुढे केला. येसाजीनं घागर स्वतःच्याच खांद्यावर घेतली.

अल्याड बुवा दारात होते. ते बाजूला सरले.

येसाजी सरळ रांजणापाशी गेला. नरसूनं कोमट पाण्यात गूळ-चुना कालवून ओतला. येसाजीनं घागर खोल बुडवली, आणि आतल्या आत तिचं तोंड मोकळं केलं. कोपरापर्यंत भिजलेला हात बाहेर आला तेव्हा हिरवट होता. बघता बघता वाऱ्यानं निळा झाला.

“त्या घागरीचं फिटलं,” येसाजी म्हणाला, आणि उठू लागला.

बुवांनी त्याचं ओलं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं रांजण झाकला.

“बस, येसा. मुरू दे. तोवर बोलायचं नाही.”